कोसोरिचांच्या घरी उभं कोण राहणार

येलोव्हिक, २० सप्टेंबर

विदोसावा,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर. आधी ऐकून घे.

गेल्या आठवड्यात दाढी करायला नोव्हा वारोशला गेलो होतो. साव्हा न्हाव्याने हल्ली फण्यांच्या शेजारी कॉम्प्युटर मांडलाय. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत तो तिथे लढाया लढतो. मी खुर्चीत बसलेलो, तोंडाला फेस, आणि आरशात मागचा पडदा दिसत होता. पडद्यावर नकाशा. आरशात उलटा दिसला तरी लिम नदीचं वळण मला कळतं. विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "खेळ आहे ओब्रेनकाका. 'मुकुट आणि माती'. जुने राजे असतात ह्यात. तुमच्या आडनावाचाही एक आहे." वस्तरा गळ्यावर असतानाही मी ताठ बसलो.

मग त्याने दाखवला. ग्रगुर कोसोरिच, राज्य बुडाल्यावर वाचलेला एकमेव वारस. बुडा शहरातल्या परक्या राजाच्या पंगतीत पार टोकाला, कुत्र्यांशेजारी बसवलेला. अंगावर दुसऱ्याचा झगा. चित्राखाली त्याचे गुण लिहिलेत: गर्विष्ठ, संधिवाती, तक्रारखोर. आणि नाक बटणाएवढं! कोसोरिचाचं नाक बटणाएवढं! मी विचारलं, ह्याचं पुढे काय होतं? साव्हा म्हणतो, "काही नाही काका, ह्याला सगळे पहिल्याच डावात मारून टाकतात. जिवंत ठेवला तर फुकट जेवतो नुसता." दुकानातली सगळी रिकामटेकडी मंडळी हसली. गुरांचा डॉक्टर तर खोकेपर्यंत हसला.

म्हटलं, कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? साव्हाने शोधून मोठ्याने वाचलं, "वारसांच्या कथा: विदोसावा कोसोरिच." मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. आज आठवडा होत आला, अर्धाच गाल घेऊन फिरतोय.

तुला आठवण करून देतो, कारण शहरात राहून तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. ह्या खोऱ्यात सगळ्या घरांचा कुलसंत निकोला. संत अलिंपियेचा दिवस पाळणारं घर एकच, आपलं. आणि तुर्क यायच्या आधी इथे राज्य करणारे कोसोरिचही अलिंपियेचेच होते. ह्याहून मोठा पुरावा कुणाला हवा असेल तर त्याने डोळे तपासून घ्यावेत. त्या दिवशी, नऊ डिसेंबरला, तुझा भाऊ बोरिशा लिंझहून येणार आहे. पाहुण्यांसमोर मी त्याच्याबरोबर सणाचा पाव मोडीन, अर्धा त्याच्या हातात देईन आणि कुलसंताची मेणबत्ती त्याची होईल. घर पुढे चाललं. मुलगी नवऱ्याच्या घरचा संत घेते. तुला तर नवराही मिळवता आला नाही. तेव्हा तू तुझे खेळ लिही, आमच्या घराण्यात लुडबूड करू नकोस.

नाक मोठं कर. तलवार दे. कुत्री काढून टाक.

आशीर्वाद उरला नाही.

ओब्रेन कोसोरिच
निवृत्त पोस्टमास्तर

*

नोव्ही साद, ३ ऑक्टोबर

ओब्रेनकाका,

पत्र मिळालं. तिकीट सरळ रेषेत चिकटवलेलं बघून बरं वाटलं. मजकुराबद्दल तसं म्हणवत नाही.

कुत्री राहतील. त्यांनी काही वाईट केलेलं नाही.

ही वारस मंडळी मी पोटासाठी लिहिते, काका. पडलेल्या प्रत्येक राजघराण्याचा एक जण कुठेतरी उरतोच. एक व्हेनिसमध्ये आहे, उसन्या झग्यात, नसलेल्या प्रांतांच्या पदव्या वाटत फिरतो. दुसरा दर हिवाळ्यात पोपला पत्र लिहितो की मला सैन्य द्या, आणि खाली सही करतो 'सम्राट'. तिसऱ्याला एका सरदाराने मुलगी दिली, कारण त्याच्या नावावर शेजारच्या राज्यात घुसता येतं. घुसून झाल्यावर त्याला परत अंगणात ठेवला. खेळात वारस ह्याचसाठी असतो. दुसऱ्याच्या लढाईचं निमित्त म्हणून त्याला खाऊपिऊ घालतात. स्वतःचं त्याच्याकडे आडनाव सोडून काही नसतं, आणि ते तो जेवताना दर माणसाला ऐकवतो.

ग्रगुर कुणावरून लिहिला असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. कागदोपत्री त्या माणसाचं नाव सोडून काहीही सापडत नाही. बाकीचं मला रचायचं होतं. गर्विष्ठ, संधिवाती, तक्रारखोर. मला लांब जावं लागलं नाही.

नाक मात्र मीच बारीक केलं. मोठं काढलं असतं तर माझं दिसलं असतं. मी शाळेत असताना तुम्हीच म्हणायचात ना, "हे नाक घेऊन पोरगी कुणाच्या गळ्यात बांधायची?"

आणि बोरिशा. बाबा गेले त्या वर्षीचा सण तुम्हाला आठवतो का? बारा वर्षांचा बोरिशा तुमच्याशेजारी यजमान म्हणून उभा होता, उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. मी सकाळपासून बशा नेत होते, घेवडा वाढत होते, उकडलेल्या गव्हाची वाटी प्रत्येक पाहुण्यापुढे धरत होते. संध्याकाळी पाद्रीबाबांनी विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, "ही आमच्याकडची, पण राहणार दुसऱ्यांकडे." मी तेव्हापासून दुसऱ्यांकडेच राहते. भाडं वेळेवर देते, त्यामुळे कुणी हाकलत नाही.

बोरिशा दर वर्षी येणार असतो. ह्या वर्षी आला तर कळवा, मी ग्रगुरला तलवार देईन.

विदोसावा

*

येलोव्हिक, १७ नोव्हेंबर

विदोसावा,

उत्तराला उशीर झाला. आळुबुखारांची राकिया गाळायची होती. तू समजली असशील मी रुसलो. तुझ्यासारखीवर रुसायला मला वेळ कुठाय? अक्षर वाकडं आलंय ते टेबल डुगडुगतंय म्हणून.

तुझं पत्र साव्हाला वाचून दाखवणार होतो, पण त्याला फार आवडलं असतं.

बोरिशा येतोय. मी त्याच्या कोटाचं माप मागवलंय. त्याने पाठवलेलं नाही, पण पाठवील. त्याला मी सगळं शिकवणार आहे, कारण लिंझमध्ये त्याला कोण शिकवणार? यजमान सणाच्या दिवशी बसत नाही. सकाळी मेणबत्ती लावली की उभा. पाहुणा आला, उभा. पाहुणा जेवतोय, उभा. शेवटचा पाहुणा पायरी उतरून जातो, तेव्हाच वाइनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवायची आणि मग बसायचं. तुझा बाप गेल्यापासून मी एकटा उभा राहिलोय. ताप असताना उभा राहिलो, दाढ काढून आलो त्या दिवशी उभा राहिलो. तुझे ते राजे पाठीला उशी घेऊन बसतात, म्हणून बुडाले.

पाय थोडा कुरकुरतो. डॉक्टर लोकांना दुसरं सांगता येत नाही. शेजारची राडोयका लाकडं फोडून देते. मी सांगितलेलं नाही, तिला हौस आहे.

साव्हाच्या दुकानात परत गेलो होतो. दाढी पुरी करायला, खेळ बघायला नव्हे. पण तो उघडाच होता. ग्रगुरच्या बाजूला घराण्याच्या वंशवृक्षात एक मुलगी दिसली. स्ताना, बहीण. तिला चेहराच नाही, नुसती राखाडी सावली. साव्हा म्हणाला, "ती कुणाच्या कामाची नाही काका, तिच्यावर बोटसुद्धा टेकवता येत नाही." हसू आलं मला. एवढा मोठा खेळ, शेकडो माणसं कामाला, आणि तुम्हाला एक पोरगी काढता आली नाही? का तिचंही नाक जमलं नाही?

काल जुर्जिच होता, दुसऱ्या एका संताचा दिवस. नेहमीप्रमाणे छोटी मेणबत्ती लावली, गुरांसाठी. गुरं आता उरली नाहीत, पण आजोबा लावायचे म्हणून लावतो. पाव नाही, पाहुणे नाहीत, दोन मिनिटांचं काम. तुझ्यासारखीला हे कशाला सांगतोय कुणास ठाऊक.

ओब्रेनकाका

*

नोव्ही साद, २५ नोव्हेंबर

ओब्रेनकाका,

पत्रावर लिहिलंय येलोव्हिक, आणि शिक्का आहे उझित्सेचा. तुमच्याकडून ही चूक? जन्मभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारलेत तुम्ही. उझित्सेला मोठं हॉस्पिटल आहे. आळुबुखाराची राकिया तिथे गाळत नाहीत. मी राडोयकाला फोन केला. ती म्हणाली, "मला त्यांनी शप्पथ घातलीय," आणि मग सगळं सांगितलं.

आता शिव्या द्यायची माझी पाळी.

स्ताना काढली नाही, कारण आमच्याकडे मुलींचे चेहरे काढायला चित्रकार देत नाहीत. वारस म्हणजे मुलगा, असं साहेबांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं. एका अर्थी तुमचाच माणूस. गंमत पुढे आहे. लोक ग्रगुरला मारतात, खेळ जाहीर करतो, 'कोसोरिच घराणं संपलं'. मग शंभरेक वर्षांनी लिमच्या खोऱ्यात, एका वाडीत, परत एक कोसोरिच उगवतो. तेच नाव, तोच संत. लोक चिडून आम्हाला लिहितात की तुमचा खेळ बिघडलाय, मेलेलं घराणं परत येतं. मलाही कारण माहीत नव्हतं. नियम आमचा त्रिफुन लिहितो. तो शुमादियाच्या खेड्यातला, तोंडाचा फाटका माणूस.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी त्याला हसत हसत सांगितलं, आमचा काका गुरं नसलेल्या गोठ्यासाठी जुर्जिचला मेणबत्ती लावतो. त्रिफुनने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "गुरांसाठी? अगं बये, तुमच्या घरात घरजावई आलाय!"

तुम्हाला माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. सगळ्या खेड्यांत माहीत असतं. घरात मुलगा नाही, मुलगीच आहे, तर जावई घरी आणतात. तो मुलीच्या घरचं आडनाव घेतो, मुलीच्या घरचा संत घेतो. मोठा सण तिचा. पण स्वतःच्या बापाचा संत त्याला पुरता सोडवत नाही, म्हणून त्या संताच्या दिवशी तो एक छोटी मेणबत्ती लावतो, पावाशिवाय, पाहुण्यांशिवाय. मुलं विचारतात तेव्हा सांगतो, गुरांसाठी आहे. त्रिफुनच्या आजोळीही गुरांसाठीच होती. म्हणूनच त्याने खेळात नियम घातला, की मुलगीच उरली तर तिच्या नवऱ्याने घराचं नाव लावायचं.

म्हणजे बघा. संत अलिंपिये आपल्या घरी आला तो एका बाईकडून. तुमचे राजे, तुमचं आडनाव, मेणबत्ती, सगळं तिने आणलं. पुरुष आला तो दुसऱ्याच संताचा, बाहेरून, चालत. तिचं नाव मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, कारण बायकांची नावं कुणी लक्षात ठेवली? खेळात स्ताना जगते, कारण तिला मारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. ग्रगुर कुत्र्यांशेजारी बसून आडनाव सांगत मरतो आणि घराणं ती चालवते, बिनचेहऱ्याची. आणि तुम्ही, त्या बाईच्या घरात बसून, मला सांगता मी दुसऱ्यांकडची.

अजून एक. मी बोरिशाला फोन केला. तो येत नाही. तो लिंझमध्ये सासऱ्याच्या घरात राहतो, सासऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, दारावर पाटी सासऱ्याची. तुमच्या राजघराण्याचा शेवटचा पुरुष वारस घरजावई आहे, काका. म्हणाला, "काकाला सांग रस्त्यावर बर्फ आहे." मी म्हटलं तूच सांग, तेवढं तरी पुरुषासारखं कर.

तब्येतीचं खरं काय ते लिहा.

विदोसावा

*

येलोव्हिक, २९ नोव्हेंबर

विदोसावा कोसोरिच हिस,

तुझा त्रिफुन गाढव आहे आणि तू त्याच्या पाठीवर बसून माझ्या दारात आलीस. शुमादियाच्या माणसाने लिमच्या माणसाला त्याच्या घरातल्या मेणबत्त्या समजावून सांगाव्यात? माझे आजोबा हाडाचे कोसोरिच होते. त्यांचे आजोबा हाडाचे कोसोरिच होते. छोटी मेणबत्ती गुरांसाठी आहे. गुरं नाहीत तो माझा प्रश्न आहे.

बोरिशाला तूच फितवलंस. लहानपणापासून तुला त्याची जागा हवी होती.

राडोयकाला मी घरात घेत नाही. तिची लाकडंही परत दिली.

तुझं पत्र चुलीत घातलं. जळायलाही त्याने वेळ लावला. परत पत्र पाठवू नकोस.

ओ. कोसोरिच

*

येलोव्हिक, ५ डिसेंबर

विदा,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. पोस्टावर माझा भरवसा नाही, मी तिथे नोकरी केली आहे. नोव्ही सादच्या स्टँडवर तो तुला फोन करील. माणूस मूर्ख आहे, पण गाडी वेळेवर नेतो.

तू पत्र पाठवलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, आणि तेही नको तेव्हा.

बोरिशाचं कार्ड आलं. रस्त्यावर बर्फ आहे म्हणे. डिसेंबरात बर्फ पडतं हे त्याला लिंझला गेल्यावर कळलं. कार्डावर चित्र सॉसेजचं. आमचा उपास चालू आहे, सणाला मांस चालत नाही, हेही तो विसरला. मी कोटाच्या मापाची वाट बघत होतो. म्हाताऱ्याला वेड लागतं ते असं.

त्रिफुन गाढवच आहे. त्यात बदल नाही. पण ऐक. मोठ्या सणाला आजोबा दार सताड उघडं ठेवायचे, गल्लीतून कुत्रं आलं तरी हाकलायचे नाहीत. आणि जुर्जिचला दार लावून घ्यायचे. लहान होतो तेव्हा मी विचारलं होतं, गुरांसाठी आहे तर गोठ्यात का नाही लावत? अशी थोबाडीत बसली की दिवसभर कान वाजत होता. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, आणि मेणबत्ती गुरांचीच राहिली. मला कळलं नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. तुझं पत्र चुलीत घातलं हे खरं, पण त्याआधी चारदा वाचलं.

आजोबा दार लावून घ्यायचे ते कुणाच्या लाजेने? आलेल्या माणसाच्या, का ज्या बाईच्या घरात तो आला तिच्या? मला आता त्या थपडेचा राग येतो. इतक्या वर्षांनी. हसू नकोस.

तब्येतीचं विचारलंस. डाव्या पायाची दोन बोटं कापली. उझित्सेचा डॉक्टर, कालचं पोरगं, म्हणतो उभं राहायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सणाला यजमान बसत नाही. तो म्हणाला, "मग यजमान पडेल." काल मेजाला धरून उभं राहून बघितलं. चुलीतलं लाकूड धड पेटायच्या आत मी खाली बसलो होतो. राडोयकाने खिडकीतून पाहिलं आणि न बोलवता आत आली. लाकडंही परत आणली. ह्या बाईला अपमान कळतच नाही.

नऊ तारखेला पाहुणे येणार. सणाला कुणी बोलावत नाही, ज्यांना यायचं ते येतात, आणि आपल्याकडे दर वर्षी येतात, मला नावं ठेवायला का होईना. दार उघडलं आणि समोर उभं कुणीच नाही, असं कोसोरिचांच्या घरी कधी झालेलं नाही. झालं, तर मेणबत्ती विझली म्हणतील. मग साव्हाच्या खेळात जाहीर होतं तसं गावभर जाहीर होईल, आणि त्या वेळी ते खरं असेल. मला ह्याची भीती वाटते. लिहून टाकलं. आता फाडत बसत नाही.

तू ये. आठ तारखेला दुपारच्या बसने. डॅन्यूबचा मासा आण, मोठा, कार्प, आख्खा. कापलेला आणू नकोस, शहरातले लोक डोकं टाकून देतात. घेवडा राडोयका करील. तिच्या हाताला मीठ नाही, तेवढं तू बघ. वाइन घरात आहे. पाद्रीबाबांना मी सांगितलं की ह्या वर्षी यजमान विदोसावा. त्यांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, त्या खाली घ्या, नाहीतर नऊ तारखेला तुम्हीही माझ्या शेजारी बसा आणि बघा.

सकाळी मेणबत्ती तू लावायची. मोडण्याआधी पाव फिरवताना एक बाजू तू धरायचीस, दुसरी मी बसल्या जागेवरून धरीन. अर्धा पाव तुझा. त्याबरोबर जे जे येतं तेही तुझं, आणि ते लिंझला, नोव्ही सादला, कुठेही नेलंस तरी दर वर्षी त्या दिवशी उभं राहावं लागेल. चौथ्या मजल्यावरच्या त्या खुराड्यातही. नवरा मिळाला तर त्याला सांग, संत हाच राहील. त्याचा त्याने हवं तर गुरांसाठी ठेवावा.

दिवसभर भिंतीला टेकायचं नाही. एका पायावर भार द्यायचा नाही. तुझा बाप गेला त्या वर्षी बोरिशाने घेतल्या तशा डुलक्या घ्यायच्या नाहीत. काही चुकलं तर सगळ्यांसमोर सांगीन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मी खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे, पाहुण्यांत. ह्या घरात मी कधी पाहुणा झालो नाही. कोसोरिचांचा सण बाहेरच्या माणसाला कसा दिसतो, ते एकदा बघायचंय.

गव्हाची वाटी आधी माझ्यापुढे आण.

आशीर्वाद,
ओब्रेनकाका

ता. क. तुमच्या चित्रकाराला सांग, त्या स्तानाला चेहरा काढ म्हणावं. नाक कसलं ते तुला माहीत आहे.